फेरी रद्द करायचीच असेल, तर अशी करा : किनारपट्टीवरच्या एसटी प्रवाशांचं खुलं पत्र

प्रति,
मा. महाव्यवस्थापक (वाहतूक), महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ,
कोकण किनारपट्टीवरच्या विभागांचे विभाग नियंत्रक आणि विभागीय वाहतूक अधिकारी,
तसंच सर्व आगार व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंत समुद्राकाठच्या गावांतले आम्ही रोजचे पासधारक, आणि एसटीच्याच वाहतूक शाखेत नि कार्यशाळेत नोकरी करून निवृत्त झालेले काही जण, असं मिळून हे पत्र लिहीत आहोत. फेऱ्या रद्द होतात ही तक्रार आपल्या टेबलावर रोज येते. आमचं म्हणणं तिच्या पुढचं आहे. गाड्या कमी आहेत, माणसं कमी आहेत, म्हणून काही फेऱ्या रद्द होणार, हे आम्ही धरून चाललो आहोत. पण ऐन वेळी हाताशी सापडेल ती फेरी कापली जाते, आणि पुष्कळदा नेमकी तीच सगळ्यांत महागात पडणारी असते, प्रवाशालाही आणि आगारालाही. कोणती फेरी आधी तोडायची, कोणती शेवटपर्यंत तोडायची नाही आणि ते कुणाला किती वाजता कळवायचं, याचा लेखी नियम प्रत्येक आगारात हवा. या पत्रातलं बाकी सगळं त्या एका मागणीसाठी आहे.

आधी वस्तीच्या गाडीचं, म्हणजे रात्री गावात मुक्काम करून सकाळी परत निघणाऱ्या गाडीचं घेऊ. उदाहरणापुरतं, आगारापासून ३८ किलोमीटरवर खाडीच्या मुखाशी असलेलं एक टोकाचं गाव धरा. चालक-वाहकाची जोडी दुपारी २ वाजता हजर होते, जवळची एक फेरी करते, संध्याकाळी ६.४५ ला टोकाच्या गावाला निघते आणि ८.१५ ला पोचते. रात्री मुक्काम. सकाळी ६ ला तीच गाडी सुटते, ७.३० ला तालुक्याला लागते, ७.५० ला दुसऱ्या मार्गावर जाऊन येते आणि ११ च्या सुमाराला जोडीची ड्युटी संपते. गाडी पुढच्या जोडीच्या ताब्यात जाते.

आता यातली ६.४५ ची फेरी रद्द करा. रद्द किलोमीटरच्या रकान्यात ३८ लिहिले जातात आणि विषय तिथे संपतो. पण सकाळी ६ वाजता गावात गाडीच नाही. मग एक तर पहाटे सव्वाचारला आगारातून रिकामी गाडी धाडायची, म्हणजे ३८ किलोमीटरचं डिझेल फुकट. नाही तर ६ ची फेरीही सोडून द्यायची. ती सोडली की ७.५० ला लावायला गाडी आणि जोडी दोन्ही नाहीत. कागदावर एक फेरी गेली, प्रत्यक्षात तीन गेल्या. संध्याकाळचा प्रवासी निदान फाट्यापर्यंत दुसऱ्या गाडीने येऊन पुढे कुणाच्या दुचाकीवर बसून जातो. सकाळी ६ ला टोकाच्या गावातून निघायला काहीच नसतं. वडाप, म्हणजे खासगी प्रवासी जीप, भरल्याशिवाय हलत नाही आणि आठच्या आधी भरत नाही. तोवर कॉलेजचा पहिला तास, जिल्हा रुग्णालयातला केसपेपरचा नंबर आणि मासळी घेऊन बाजारात बसणाऱ्या बायकांची जागा, तिन्ही गेलेलं असतं.

रद्द न होता उशिरा निघाली तरी गणित बिघडतं. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) सांगत होता की एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग ९ तासांची विश्रांती हवी. ८.१५ ला पोचून ६ ला निघायचं तर मध्ये पावणेदहा तास मिळतात, म्हणजे पाऊण तासाची सवड. दुपारची गाडी कार्यशाळेतून उशिरा मिळाली आणि वस्तीची गाडी सव्वा तास मागे पडून ९.३० ला पोचली, तर या नियमाने ती सकाळी ६.३० च्या आधी सुटू शकत नाही. तालुक्याला लागेल ८ वाजता. आणि तरीही ती सहालाच सुटली, तर तो वेळ चालकाच्या झोपेतून कापलेला असतो. धुक्यात, पावसात, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला दरड असलेल्या रस्त्यावर अशी गाडी चालवायला लावू नये. म्हणून वस्तीच्या गाडीच्या आधीची दुपारची फेरी रेंगाळत असेल तर ती फेरी अर्ध्यात तोडा, फाट्यावरून परत फिरवा, पण ६.४५ वेळेवर सोडा. कंट्रोलरला, म्हणजे स्थानकावरच्या वाहतूक नियंत्रकाला, हा अधिकार तोंडी नको, लेखी द्या.

कोरोनाकाळात आणि त्यानंतर २०२१-२२ च्या संपात बंद पडलेल्या वस्तीच्या कित्येक गाड्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. त्याचं एक कारण आमच्या गावांकडेही आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. मुक्कामाला खोली नाही, शौचालयाला कुलूप, देवळाच्या ओट्यावर किंवा गाडीतच मच्छरांत झोपायचं, अशा गावाला कुणी आनंदाने वस्तीला जात नाही. ग्रामपंचायतीने दोन खाटांची कोरडी खोली, दिवा-पंखा, पाणी आणि चालू शौचालय एवढं दिलं पाहिजे. गाडी वळवायला जागाही हवी. मोठ्या गाडीला एका दमात वळायला २० ते २४ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. तेवढी नसली की रिव्हर्स घ्यावा लागतो, आणि त्यासाठी वाहकाने खाली उतरून मागे उभं राहायला हवं. एकच माणूस चालक आणि वाहक दोन्ही असेल तर मागे बघायला कुणी नसतं. म्हणून जिथे वळायला जागा नाही तिथे अशी एकट्याची ड्युटी लावू नका. ज्या गावांनी सोय केली आहे त्यांची यादी विभागाने मागवावी आणि तिथली वस्ती आधी सुरू करावी. सोय नाही तिथे काय कमी आहे ते एका कागदावर लिहून द्यावं. गावं ते करतील.

गाड्या का कमी पडतात, तेही नीट मांडलं जावं. केंद्राच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी नव्याने होत नाही, आणि त्यात राज्य परिवहन महामंडळांच्या गाड्याही येतात. जुन्या गाड्या ठरलेल्या तारखेला बाद होतात, नव्या मात्र ठरलेल्या तारखेला येत नाहीत. मधल्या फटीत कार्यशाळेला जादा गाडी उरत नाही. शंभर शेड्यूलमागे (शेड्यूल म्हणजे एका गाडीचं दिवसभराचं ठरलेलं काम) निदान आठ-दहा गाड्या देखभालीसाठी मोकळ्या नसतील, तर देखभालीची पाळी आली की एकेक फेरी तुटणारच. माणसांचंही तसंच. साप्ताहिक सुट्या, रजा, सणाच्या सुट्या आणि आजारपण वजा जाता एक चालक वर्षाला साधारण पावणेतीनशे दिवस कामावर मिळतो. गाडी मात्र ३६५ दिवस चालायची असते. म्हणजे दर तीन चालकी ड्युट्यांमागे चार चालक लागतात. तीनाला तीनच असतील, तर कुणी आजारी पडायच्या आधीच फेरी रद्द ठरलेली असते.

कार्यशाळेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण किनाऱ्यावरची गाडी घाटमाथ्यावरच्या गाडीसारखी बिघडत नाही. पावसाळ्यात दमट हवेमुळे एअर ब्रेकच्या टाकीत पाणी साठतं. रोज सकाळी गाडी काढण्याआधी टाकीखालचा ड्रेन कॉक ओढून नुसती हवा येईपर्यंत पाणी सोडायचं असतं. दोन मिनिटांचं काम, पण घाईत टाळलं जातं. मग ते पाणी व्हॉल्व्हमध्ये उतरतं आणि ब्रेक सुटायला वेळ लागतो, कधी एका चाकाचा सुटतच नाही. ज्या गाड्यांना हवेतलं पाणी शोषणारा एअर ड्रायर आहे, त्यांचं कार्ट्रिज वेळेवर बदललं नाही तर ड्रायर असून नसल्यासारखा. टाकीतून पाणी जास्त यायला लागलं की कार्ट्रिज संपलं असं समजावं.

खाऱ्या हवेने बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी धरते आणि चॅसीला जोडलेल्या अर्थिंगच्या पट्टीचा बोल्ट गंजतो. लक्षण एकच : सेल्फ लागत नाही. बॅटरी बदलली जाते, चार दिवसांनी पुन्हा तेच, कारण दोष पट्टीत असतो. ती काढून घासून, पेट्रोलियम जेली लावून परत बसवली तर वस्तीच्या गावात सकाळी सहाला धक्का मारायची वेळ येत नाही. मागच्या आपत्कालीन दरवाज्याची बिजागरी आणि पायऱ्यांखालचा पत्रा हेही गंजाचे पहिले बळी. दरवाजा महिन्यातून एकदा खरोखर उघडून पाहिला पाहिजे, नुसती खूण करून चालणार नाही. एप्रिल-मेमध्ये तांबड्या धुळीने एअर फिल्टर लवकर भरतो, तेव्हा त्याची मुदत किलोमीटरवर मोजू नये, डोळ्यांनी बघावं. पावसात हेडलाइट, वायपर आणि आतले दिवे एकदम चालू असतात, तेव्हा वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरवर ताण येतो. त्याचा पट्टा आणि चार्जिंग मे महिन्यातच तपासलं जावं. आणि वायपर : ब्लेड हा कार्यशाळेतल्या अगदी स्वस्त सुट्या भागांपैकी एक. तो स्टोअरमध्ये नाही म्हणून आषाढात अख्खी गाडी उभी राहणं आम्हाला पटत नाही. जूनच्या आधी प्रत्येक गाडीमागे एक जादा जोडी आगारात यायलाच हवी.

नव्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) गाड्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी समजून घ्यायला हवा. या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. साठलेली काजळी जळायला धूर बराच वेळ चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी वीस-तीस मिनिटं एकसारख्या वेगाने धावायला हवी. दर अर्ध्या किलोमीटरला थांबा असलेल्या शहरी फेरीत, किंवा दहा-बारा किलोमीटरच्या खेडेगावच्या खेपेत तसं होतच नाही. फिल्टर भरतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, तो दुर्लक्षित राहिला की इंजिन ताकद कमी करतं आणि भरलेली गाडी चढावर श्वास टाकते. मग कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत गाडी बंद. उपाय साधा आहे. नवी गाडी तीन-चार दिवस जवळच्या फेऱ्यांना लावली की एक दिवस लांबच्या मार्गावर लावा. ते जमत नसेल तर गाडी मोकळ्या जागी उभी करून बटणाने काजळी जाळायला अर्धा-पाऊण तास वेळापत्रकातच ठेवा. दिवा लागल्याची नोंद चालकाने लॉगशीटवर करायची आणि ती वाचल्याची सही कार्यशाळेने त्याच रात्री करायची. याच गाड्यांना धुरातले घातक वायू कमी करणारं डीईएफ हे द्रावण लागतं, १०० लिटर डिझेलमागे साधारण पाच लिटर. ते संपलं तरी इंजिन ताकद कापतं. ते डिझेलच्याच डब्यातून, त्याच नरसाळ्याने ओतलं तर पूर्ण यंत्रणा खराब होऊ शकते. वेगळा डबा, वेगळं नरसाळं आणि त्यावर ठळक अक्षरांत नाव, एवढंच लागतं.

आता भारमान (गाडीतल्या किती जागा भरल्या त्याचं प्रमाण) आणि प्रतिकिलोमीटर उत्पन्न. फेरी कायमची बंद करायचा निर्णय याच दोन आकड्यांवर होतो आणि इथेच शाळेच्या फेऱ्या मारल्या जातात. दुपारी सुटणाऱ्या शाळेच्या फेरीत पन्नास मुलं पासवर आणि आठ प्रवासी तिकिटावर असतील तर यंत्रातून आठच तिकिटं निघतात. वाहक पास बघतो आणि पुढे जातो. त्या चाळीस किलोमीटरवर चारशे रुपये जमले तर किलोमीटरला दहा रुपये, म्हणजे आगारातली सर्वांत तोट्याची फेरी तीच. गाडीत उभं राहायला जागा नव्हती हे कागदाला ठाऊक नसतं. पासाचे पैसे मात्र महामंडळाने महिना सुरू होतानाच घेतलेले असतात. म्हणून वाहकाने प्रत्येक फेरीत पासधारक मोजून त्यांची नोंद करावी आणि ती बघितल्याशिवाय कुठलीही फेरी ‘अल्प भारमान’ म्हणून बंद करू नये.

दुसरी चूक एकतर्फी हिशेबाची आहे. सकाळी गावातून तालुक्याला गाडी भरून येते; तीच गाडी त्याआधी संध्याकाळी, शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये, चार माणसं घेऊन गेलेली असते. संध्याकाळचा आकडा वेगळा काढला तर तो वाईटच दिसणार. वस्तीचं जाणं-येणं आणि शाळेचं जाणं-येणं यांचा हिशेब जोडीने करा. मार्ग परिवहन महामंडळ कायदा, १९५० च्या कलम १८ मध्ये महामंडळाचं कर्तव्य सांगितलं आहे : कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसूत्र सेवा. काटकसरीच्या बरोबरीने पुरेशी आणि सुसूत्र हे शब्दही तिथे आहेत.

सवलतींवरून वाहक आणि प्रवासी यांच्यात वाद होतात, त्यावर आमचं दोघांनाही सांगणं आहे की तो वाद निरर्थक आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला, १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध तिकीट झालं, आणि गाड्यांतली गर्दी वाढली. ही सवलत प्रवाशाने वाहकाकडून घेतलेली नाही. तिची प्रतिपूर्ती शासन महामंडळाला करतं. ती प्रतिपूर्ती वेळेवर मिळवणं हे वरच्या कार्यालयाचं काम आहे. गर्दी वाढली म्हणून फेऱ्या वाढायला हव्या होत्या. त्या ज्या मार्गांवर कमी झाल्या, तिथे सवलत नावापुरती उरली, कारण वडापवाला अर्ध तिकीट घेत नाही.

२५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, साध्या गाडीचा ६ किलोमीटरचा टप्पा ८.७० वरून १०.०५ रुपयांवर गेला. आम्ही ते देतो. पण पासधारकाचा हिशेब बघा. मासिक पासाला २० दिवसांचं भाडं घेऊन ३० दिवस प्रवास मिळतो. १८ किलोमीटर म्हणजे तीन टप्पे, जाऊन-येऊन सुमारे ६० रुपये, पास साधारण १,२०० रुपयांचा. महिन्यातून सहा संध्याकाळी त्याची परतीची फेरी रद्द झाली तर त्या सहा दिवसांचे पैसे महामंडळाकडे जमा आणि वडापचे पैसे खिशातून वेगळे. रद्द फेरीची नोंद आगारात असतेच. एका पासाच्या मुदतीत त्याच मार्गाची परतीची शेवटची फेरी तीनपेक्षा जास्त वेळा रद्द झाली, तर तेवढे दिवस पासाची मुदत वाढवून द्यावी. रोख परतावा आम्ही मागत नाही.

गाड्या कधी कमी पडणार हे कोकणात पंचांग बघून सांगता येतं, आणि म्हणूनच ऐन वेळी ‘गाडी नाही’ हे उत्तर आम्हाला मान्य होत नाही. गणपतीत मुंबईहून हजारो जादा गाड्या येतात, त्यांच्या परतीची वाहतूक गौरी-गणपती विसर्जनानंतर इथल्याच आगारांवर पडते. शिमगा येतो. आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा असते, महाशिवरात्रीला कुणकेश्वर असतं. निवडणुकीत मतदानाच्या आदल्या दिवशी आणि मतदानाच्या दिवशी कर्मचारी व यंत्रं न्यायला गाड्या जातात. थंडीत शाळांच्या सहलींना प्रासंगिक करारावर, म्हणजे भाड्याने, गाड्या दिल्या जातात. यातल्या बहुतेक तारखा महिनाभर आधी माहीत असतात. या जादा वाहतुकीला आमचा विरोध नाही. चाकरमानी आमच्याच घरचे आहेत आणि जत्रेला आम्हीही जातो. पण जत्रा, शिमगा आणि दहावी-बारावीची परीक्षा हे सगळं फेब्रुवारी-मार्चमध्ये एकत्र येतं. सकाळच्या सत्रातला पेपर अकराला सुरू होतो आणि परीक्षार्थीने साडेदहाला केंद्रावर असायला हवं. म्हणजे त्या दिवशी सव्वादहाच्या आत केंद्राच्या गावात पोचणारी प्रत्येक फेरी अस्पर्श ठेवली पाहिजे. सहलीच्या करारासाठी शाळेची फेरी काढून देणं तर कधीच होऊ नये. एका शाळेची मुलं फिरायला जावीत म्हणून दुसऱ्या शाळेची मुलं सात किलोमीटर चालत घरी जातात, हे थांबवा.

रेल्वेचंही असंच. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वर्षानुवर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. या काळात गाड्यांचा वेग कमी केला जातो आणि स्थानकावरच्या वेळा बदलतात. स्थानकं बहुतेक ठिकाणी गावापासून लांब आहेत : रत्नागिरीचं कुवारबावला, सावंतवाडीचं मळगावला, राजापूर रोड तर राजापूर शहरापासून कितीतरी दूर. रेल्वेच्या वेळा बदलल्या, पण स्थानकाची बस जुन्याच वेळेला लागली, तर ती रिकामी जाते, आणि रिकामी जाते म्हणून पुढे बंद होते. ज्या दिवशी रेल्वेचं वेळापत्रक बदलतं त्याच दिवशी स्थानकाच्या फेऱ्यांची वेळ बदलली पाहिजे, पावसाळी वेळापत्रक लागताना आणि ऑक्टोबरात ते संपताना, दोन्ही वेळा. रेल्वे वेळा आधी जाहीर करते. आगाराने फक्त त्या मागवून घ्यायच्या.

रत्नागिरीत शहर बससेवाही एसटीच चालवते, म्हणून तिच्याविषयी एक मुद्दा. शहरी मार्गावर एकामागोमाग तीन गाड्या आणि मग पाऊण तास काही नाही, असं होतं याचं कारण रस्त्यातच असतं. पुढची गाडी थोडी मागे पडली की थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं साठतात, चढ-उतार लांबते, ती आणखी मागे पडते, आणि मागची रिकामी गाडी तिला येऊन गाठते. यावर उपाय शेवटच्या थांब्यावर आहे. तिथे वाहकांनी आपापसांत ठरवून नव्हे, तर कंट्रोलरच्या सांगण्यावरून दोन गाड्यांत निदान दहा मिनिटांचं अंतर ठेवूनच सुटायचं, मग पुढची गाडी कितीही उशिरा आलेली असो. आणि गाडी कमी असेल तर दुपारी १२ ते ४ मधल्या शहरी फेऱ्या आधी कमी करा.

इथून तोडायच्या क्रमाकडे येतो. सगळ्यांत आधी ती फेरी तोडावी जिच्या मागे किंवा पुढे अर्ध्या तासात त्याच रस्त्याने दुसरी गाडी आहे. त्यानंतर शहरातल्या दुपारच्या. त्यानंतर ज्या लांब पल्ल्याच्या मार्गावर त्याच दिवशी दुसरी गाडी आहे आणि आरक्षण थोडं आहे, तिथले प्रवासी दुसऱ्या गाडीत बसवून एक गाडी मोकळी करावी. पूर्ण रद्द करण्याऐवजी जोडफेरीचा विचार व्हावा : एकाच बाजूच्या दोन गावांच्या दोन फेऱ्या मिळून एक केली तर वीस मिनिटं जास्त लागतात, पण दोन्ही गावं घरी पोचतात. गावाची सकाळची पहिली, संध्याकाळची शेवटची आणि शाळा सुटल्यानंतरची फेरी मात्र शेवटपर्यंत तोडू नये. नाइलाजाने तोडावीच लागली तर तीच फेरी लागोपाठ दुसऱ्या दिवशी तुटता कामा नये. ही अट आमच्यासाठी फार महत्त्वाची आहे, कारण एक दिवस माणूस निभावून नेतो. दोन दिवस झाले की हप्त्याची का होईना दुचाकी घेतो, आणि तो प्रवासी एसटीला परत मिळत नाही.

कळवायचं कसं, यासाठी नवं काही उभारायला नको. उद्याच्या ड्युट्यांचं वाटप आज संध्याकाळी होतं, म्हणजे सकाळच्या कोणत्या फेऱ्या जाणार नाहीत हे रात्री आठपर्यंत आगाराला माहीत असतं. संध्याकाळच्या फेऱ्यांचं दुपारी तीनपर्यंत समजतं. त्या वेळेला स्थानकावरच्या फळ्यावर खडूने लिहावं, ध्वनिक्षेपकावर सांगावं आणि मार्गावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत एक, शाळेत एक, नाक्यावरच्या दुकानात एक अशा ठरलेल्या मोबाइलवर संदेश टाकावा. जिथे रेंज नाही तिथे दुपारच्या गाडीच्या वाहकाने प्रत्येक थांब्यावर तोंडी सांगावं. ही जुनी पद्धत आहे आणि अजून चालते. संदेशात ‘तांत्रिक कारणास्तव काही फेऱ्या रद्द’ असं लिहून कुणाचं काही भागत नाही. तो असा असावा :

‘आज बुधवार. सायं. ६.४५ ची वस्तीची गाडी रद्द. कारण : गाडी उपलब्ध नाही. पर्याय : सायं. ५.३० ची गाडी फाट्यापर्यंत, तिथून सायं. ६.५० ची दुसऱ्या मार्गाची गाडी थांबवली जाईल. उद्या सकाळी ६ ची फेरी : पहाटे आगारातून गाडी येईल, सुटणार.’

चार ओळींत चारही प्रश्नांची उत्तरं आहेत : काय रद्द, का रद्द, आता कसं जायचं आणि उद्याचं काय. जिल्हाधिकारी अतिवृष्टीमुळे रात्री शाळांना सुटी जाहीर करतात तेव्हाही हाच मार्ग उलट्या बाजूने वापरता येईल, म्हणजे शाळेची गाडी पहाटे उगाच रिकामी धावणार नाही आणि तीच दुसरीकडे लावता येईल.

विजेवरच्या गाड्यांबद्दल एकच विनंती. ५,१५० ई-बस भाड्याने घेण्याचा करार महामंडळाने केला होता, त्यातल्या गाड्या किनाऱ्यावर आल्या तर आनंदच आहे. मात्र चार्जिंगची उच्चदाब जोडणी प्रत्यक्ष सुरू होऊन एका पावसाळ्यात टिकलेली दिसेपर्यंत त्या गाड्या गृहीत धरून डिझेल गाड्या इतर विभागांत हलवू नका. आमच्याकडे जून-जुलैत झाड पडून वीज रात्र-रात्र जाते, आणि खाऱ्या हवेत चार्जिंगचे जोड लवकर खराब होतात. अरुंद रस्त्यांसाठी १२ मीटरच्या ऐवजी ९ मीटरच्या गाड्या मागाव्यात.

तालुकावार बैठकीला आम्ही यायला तयार आहोत. येताना आगाराने गेल्या तीन महिन्यांतल्या रद्द फेऱ्यांची यादी आणावी, फेरीची वेळ, मार्ग आणि कारण यांसह. आम्ही त्याच तीन महिन्यांतली थांब्यावरची नोंद, शाळांच्या सुटण्याच्या वेळा आणि कोणत्या गावात मुक्कामाची खोली तयार आहे त्याची यादी आणू. दोन्ही कागद शेजारी ठेवून प्रत्येक मार्गावरच्या न तोडायच्या फेऱ्यांवर त्याच बैठकीत खूण करावी, आगार व्यवस्थापकांनी त्यावर सही करावी आणि ती यादी स्थानकात वेळापत्रकाच्या बाजूला लावावी. बैठक मे महिन्यात व्हावी, पावसाळी वेळापत्रक लागायच्या आधी.

आपले,
कोकण किनारपट्टीवरचे पासधारक प्रवासी आणि निवृत्त एसटी कर्मचारी